पुसलेल्या फोटोंची वाटणी

मी, नीलिमा जानराव पडघान, वय चौसष्ट, धंदा पूर्वी फोटोग्राफी आणि आता आराम, राहणार केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. मला कोणी धमकावलेलं नाही, गोड बोलून फसवलेलंही नाही. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वकिलांनी एक खर्डा करून दिला होता, पण त्यात माझा कॅमेरा ‘इतर किरकोळ वस्तू’ या सदरात घातलेला पाहून तो मी त्यांना परत केला आणि स्वतःच लिहायला बसले.

माझे पती जानराव हयात नाहीत. मुलगा उत्कर्ष पुण्याला कंपनीत आहे. मुलगी धम्मदीपा वाशिमला शिक्षिका आहे. दोघांवर माझी सारखीच माया आहे आणि दोघांवर सारखाच रागही आहे, त्यामुळे वाटणीत कोणाला झुकतं माप दिलं असं कोणी समजू नये.

कलम पहिलं. बाजाराच्या रस्त्यावरचं घर दोघांचं, निम्मं निम्मं. समोरची दुकानाची खोली मात्र एकट्या धम्मदीपाची, कारण तिचा जन्म होण्याआधी मी तिथे शिवणयंत्र चालवलं आणि ती शाळेत जाऊ लागल्यावर कॅमेरा चालवला. तिच्या डब्याला, दप्तराला जे लागलं ते त्या खोलीने दिलं. पोस्टातली ठेव दोघांत समान. माझी पोत सुनेला द्यावी. ती मागणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

कलम दुसरं. किन्हीराजाचं शेत उत्कर्षचं. तो ते विकणार हे मला माहीत आहे. विकायचंच तर आज जो माणूस ते वाहतो-पिकवतो आहे त्याला आधी विचारावं.

कलम तिसरं. दुकानातलं सामान. तिपाई, पांढरी छत्री आणि गिऱ्हाइकाला बसायचं स्टूल विहाराला द्यावं, तिथे कार्यक्रमाला लागतं. धबधब्याचं चित्र असलेला मागचा पडदा शेजारच्या गिरजाबाईला. ती मळ्यात वांगी-मेथी पिकवून बाजारात बसते आणि भाजीवर झाकायला तो पडदा तिने माझ्या जिवंतपणीच मागून ठेवला आहे. तिला मी या कागदावर साक्षीदार करणार होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं तो साक्षीदार चालत नाही. गिरजाबाईला विचारलं तर म्हणाली, “मंग पडदाच दे. सही करून मले काय भेटन?”

कलम चौथं. माझे दीर प्रसेनजित यांना माझा फ्लॅश द्यावा, मात्र आत सेल घालू नयेत. याचं कारण लिहिणं भाग आहे.

प्रसेनजितचा रिसोडला रोलच्या कॅमेऱ्याचा स्टुडिओ होता. त्या काळी लग्नात प्रत्येक माणूस फोटोसाठी उभा राही आणि रोल तर मोजका. मग फोटोग्राफर लोक रोल वाचवण्यासाठी नुसताच फ्लॅश मारत. उजेड पडला की माणूस खूश, आणि महिन्याने अल्बम आला की आपण त्यात का नाही हे विचारायची त्याला लाज वाटे. नणंदेच्या लग्नात माझ्या सासूबाई, भागिरथाबाई, आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर फोटोसाठी बसल्या. पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. प्रसेनजितने स्वतःच्या आईवर नुसताच फ्लॅश मारला. अल्बममध्ये मामंजी होते, व्याही होते, मांडवात शिरलेलं कुत्रंसुद्धा होतं. मी विचारलं तर म्हणाला, “वयनी, रोल संपला होता. मायले नाराज कायले करू म्हून उजेड पाडला.” त्यानंतर सासूबाई हौसेने फोटोला बसल्या नाहीत. मतदानाच्या ओळखपत्रावर त्यांच्या तोंडाच्या जागी जो काळा डाग आहे तो कोणाचाही असू शकतो. प्रसेनजितशी माझं बोलणं आहे, येणं-जाणं आहे. फ्लॅश तेवढा त्याने न्यावा.

कलम पाचवं. कॅमेरा. २००१ साली जानरावांचे एक मित्र कुवेतहून परतले, त्यांच्याकडून आम्ही तो घेतला. यात रोल नाही म्हटल्यावर लोक तो उलटापालटा करून बघत आणि सेलचं झाकण सापडलं की विजयाने म्हणत, “हे पाय, इथं लपवला.” पेन्सिल सेल तो खाऊन टाकायचा. एका बारशाला पिशवीभर न्यावे लागत. आत पापडासारखं पातळ कार्ड. त्यावर थोडेच फोटो मावत. ते भरलं की एसटीने अकोल्याला जायचं, लॅबमध्ये फोटो उतरवून घ्यायचे आणि कार्ड रिकामं करून परत वापरायचं. पासपोर्ट फोटो झकास निघे. तोच भिंतीवर लावायला मोठा केला की नाकाला पायऱ्या पडत. गिऱ्हाईक रागवायचं, मला मात्र गंमत वाटायची. मी भिंग घेऊन त्या पायऱ्या बघत बसे. माणसाचा गाल जवळून पाहिला तर नुसते चौकोन, आणि चार पावलं मागे सरकलं की पुन्हा गाल, हे कसं होतं? कार्डात फोटो राहतो म्हणजे नेमका कुठे राहतो, हे मी जानरावांना इतक्या वेळा विचारलं की एकदा वैतागून म्हणाले, “फोडून पाय एकडाव.” फोडलं नाही, पण मनात आलं होतं.

मागच्या छोट्या स्क्रीनवर काढलेला फोटो लगेच दिसायचा, हेच त्याचं खरं नवल. पण उन्हात ती स्क्रीन काळीठिक्कर. त्यावर मी एक उपाय काढला. कॅमेऱ्यावर माझा पदर टाकायचा आणि गिऱ्हाईक बाईने आणि मी दोघींनी त्या पदराखाली डोकं घालायचं. पुरुष फोटोग्राफरला हे जमणारं नव्हतं. त्यामुळे आसपासच्या गावांतल्या बाया माझ्याकडे येऊ लागल्या. स्थळाला पाठवायचे फोटो, बचत गटाच्या पासबुकाचे फोटो, नुसतेच हौसेचे फोटो. पदराखाली त्या स्वतःला पाहत आणि जे बोलत ते इथे लिहिणार नाही. कोणाचे दात दिसत, कोणाचे रडून आलेले डोळे. “हा पुस,” म्हणाली की मी तिच्यासमोर बटण दाबायची. स्क्रीन रिकामी झालेली पाहूनच ती पदराबाहेर येई. माझा धंदा चांगल्या फोटोंवर चालला नाही, या पुसण्यावर चालला.

हा कॅमेरा आजही चालतो. त्याचा आतला फ्लॅश गेला आहे, दिवसाउजेडी फोटो काढतो. तो धम्मदीपाला द्यावा.

कलम सहावं. कार्डं. वापरून बाजूला पडलेली जुनी कार्डं मी एका डब्यात ठेवली आहेत; याच कलमासाठी हा सगळा कागद आहे.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत उत्कर्षच्या फोनमधून त्याच्या मुलीचे फोटो चुकून पुसले गेले आणि त्याने लॅपटॉपवर ते परत आणले. मी विचारलं, “माझ्या जुन्या कार्डातले पण येतील का?” विचारलं ते निव्वळ उत्सुकतेने. तो म्हणाला, “आण, पाहू.” कुठून तरी त्याने कार्ड वाचायचं यंत्रही मिळवलं. मग समजावून सांगितलं, “आई, पुसलं म्हंजे फोटो जात नाई. कॅमेरा फक्त मानून घेते का ही जागा रिकामी हाय. दुसरा फोटो तिथं येऊन बसत नाई तोवर पयला तिथंच असते.” वीस-बावीस वर्षं मी बायांना रिकामी स्क्रीन दाखवून घरी पाठवत होते आणि त्यांतल्या कित्येकजणी माझ्या डब्यात तशाच बसून होत्या. मी हबकले. खोटं सांगत नाही, त्याच वेळी मला ते सगळं बघावंसंही वाटलं.

लॅपटॉपवर एकेक चौकोन उमटू लागला. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनात पांढरं लुगडं दिसलं, आणि चेहरा उमटायच्या आत मी झाकण पाडलं. उत्कर्ष म्हणाला, “काहून बंद केलं?” मी म्हटलं, जेवायला चल.

ते लुगडं कोणाचं असेल याचा मला अंदाज आहे. २००४च्या उन्हाळ्यात, हे कार्ड बाजूला ठेवून मोठं घेतलं त्याच्या थोडं आधी, सासूबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी न विचारता फोटो काढला. आवाज ऐकून म्हणाल्या, “याच्यात तरी फोटो येते का?” मी म्हटलं, “येतो, आत्याबाई, पाहा.” पदराखाली त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “हे तं माही माय दिसून राह्यली.” त्यांच्या आईचा फोटो नव्हता, कोणीच काढला नव्हता. मी म्हटलं, मग राहू द्या ना. म्हणाल्या, “नाई. मी डोये मिटले का माय मले तिच्या रंगानं दिसते. हे ठेवलं तं उद्यापासून मले हेच दिसन. पुस पोरी.” मी पुसला. पुढच्या वर्षी त्या वारल्या.

आता धम्मदीपाचं म्हणणं. विहाराच्या भिंतीवर छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्या गावातल्या बायांचे फोटो लावले आहेत. भागिरथा पडघान या नावाच्या वर नुसतीच चौकट आहे. धम्मदीपा दर वेळी तिच्यासमोर उभी राहते. मला म्हणाली, “आई, आजीनं तिच्या मायसाठी पुसाले लावला. मी तिची नात आहो. मले तिचा चेहरा नको का?” तिचं बरोबर आहे.

गिरजाबाईलाही हे कळलं. तिचा एक फोटो होता, मळ्यात हसतानाचा, तोंड भरून. तेव्हा म्हणाली होती, घरी चालणार नाही, पुस. आता म्हणते, “मले पाऊ दे एक डाव. ज्यायले चालत होतं ते गेले, ज्यायले चालत नोतं तेबी गेले.” तो तिला दाखवायला मी उत्कर्षला सांगितलं आहे. यावरून मला एक गोष्ट सुचली, तीच नियम म्हणून लिहिते. जी बाई स्वतः येऊन म्हणेल की माझा फोटो काढून दे, तिला तो काढून द्यावा आणि तिच्या एकटीच्या डोळ्यांसमोर उघडावा. माझ्या मरणानंतर वर्षभर वाट पाहावी, मग उरलेली कार्डं नव्या फोटोंनी भरून टाकावीत. तिच्या नवऱ्याला, मुलाला, नातवाला तो हक्क नाही. गावचा जुना इतिहास म्हणून फोनवर टाकण्याचा हक्क उत्कर्षलाही नाही.

सासूबाई येऊन म्हणू शकत नाहीत. मी त्यांच्या वतीने हो म्हणू शकत नाही, कारण मला स्वतःला तो फोटो बघायचा आहे आणि बघायची इच्छा असलेल्या माणसाने परवानगी देऊ नये. गेलं वर्षभर मी रोज त्या डब्याजवळून जाते आणि रोज विचार करते की गुपचूप एकदा बघितलं तर कोणाला कळणार आहे. कोणालाच कळणार नाही. पण सासूबाई रिकामी स्क्रीन बघून माझ्या पदराबाहेर आल्या होत्या.

कलम सातवं. धम्मदीपाला फोटोऐवजी तिची आजी मी इथे देते. हा कागद नोंदवला जाणार आहे, म्हणजे ती सरकारदरबारी राहील. कपाळ मोठं, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके, त्यातला एक फिका पडलेला. डाव्या कानाची पाळी जड दागिन्याने फाटलेली, म्हणून त्या बाजूने पदर पुढे. रंग तुझ्यापेक्षा काळा, माझ्यापेक्षा उजळ. हसताना तोंडावर हात नेत, पण डोळे आधीच हसून मोकळे झालेले असत. नागपूरची गोष्ट सांगताना आवाज बारीक व्हायचा, कारण त्या गर्दीत त्यांची एक चप्पल हरवली होती आणि त्या एवढ्या मोठ्या गोष्टीत ही चप्पल सांगावी की नाही याचा त्यांना दर वेळी प्रश्न पडे. सांगत मात्र दर वेळी. माझ्यावर त्यांनी माया केली. हे आधी लिहायला हवं होतं.

कलम आठवं आणि शेवटचं. सासूबाईंचं कार्ड वेगळ्या पाकिटात आहे, त्यावर नाव घातलं आहे. ते फोडू नये, जाळू नये. उत्कर्ष म्हणतो, नवे फोटो काढून कार्ड काठोकाठ भरलं की जुनं कायमचं जातं. म्हणून माझं शरीर घरातून नेण्याआधी, दिवसाउजेडी, धम्मदीपाने ते कार्ड कॅमेऱ्यात घालून पहिला फोटो माझा काढावा. मग काही दिवसांनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला येतील त्या सगळ्या बायांचे काढावेत, कार्ड नको म्हणेपर्यंत. ज्या बाईला आपला आवडणार नाही तिचा पुसावा आणि त्या जागेवर तिचाच दुसरा काढावा.

वकील म्हणतात, असं कलम कोर्टात टिकणं कठीण आहे. धम्मदीपा ते पाकीट घेऊन सरळ भावाकडे गेली तर तिला अडवायला मी नसेन. धम्मदीपा, तसं केलंस तर मी रागावणार नाही. तुझ्या हातात कार्ड देते आहे ते हे समजूनच.

माझ्या फोटोबद्दल एवढंच. तोंड उघडं असेल, चेहरा सुजलेला असेल, तू रडत असशील आणि तुझा हात हलेल. पदराखाली बघायला मी तुझ्याबरोबर नसेन. मला विचारता येणार नाही, म्हणून कसाही आला तरी पुसू नकोस.

हा मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: नीलिमा जानराव पडघान

आम्ही खालील दोघे समोर हजर होतो. बाई वाचताना दोनदा पाणी प्यायल्या, बाकी आवाज स्पष्ट होता. आमच्यादेखत त्यांनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली. यात आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार १. मोहनसिंग राठोड, निवृत्त पोस्टमन, केनवड
साक्षीदार २. शुभांगी दिनेश गाभणे, अंगणवाडी सेविका, केनवड

ठिकाण: केनवड
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५