वाफमानवाचा चौथा फर्मा

तीर्थरूप मामा,

खळीचे हात पुसून तुमच्या पाया पडतोय असं समजा. (हल्ली हाताला खळ नसते, थिएटरची टॉर्च असते, पण पुसायची सवय जात नाही.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा गुडघा? आणि कटिंग मशीन अजून उजवीकडे जास्त खातं का? तिघांपैकी मशीनची चौकशी मी सगळ्यांत मनापासून करतोय, कारण पुढे तेच आरोपी आहे. मामींनी कळवलंय की तीन वर्षांपूर्वी मी अर्धी खळ लावलेल्या रजिस्टरवर ब्रश टाकून न सांगता निघून आलो, तेव्हापासून कुणी माझं नाव काढलं की तुम्ही सुईत दोरा ओवायला घेता. तर एवढं पत्र वाचेपर्यंत सुई खाली ठेवा.

वाफमानव आठवतो? रद्दीच्या गठ्ठ्यात आलेली चित्रकादंबरी, पाठ सुटलेली, सोळा-सोळा पानांचे चार फर्मे चार दिशांना. ती आपल्याच बाइंडिंगच्या दुकानात पुन्हा बांधली गेली आणि मी ती शंभरदा वाचली. लाँड्रीत इस्त्री करणारा एक माणूस, बॉयलर फुटतो, आणि लगेच पुढच्या पानावर तो बर्फाच्या कोठीत अडकून आपली शक्ती गमावतो. (कुठली शक्ती? ती तर अजून मिळायचीच होती. मला वाटलं, हे खोल आहे.) मग तो मुकाट घरी येऊन इस्त्री धरतो, त्याखाली ‘समाप्त’ असं छापलेलं, आणि तरी पुस्तक अर्धं शिल्लक! (हे तर फारच खोल.) मग मारामारी, आणि शेवटच्या पानांवर तो वाफ होऊन गावावरून उडत जातो. पानांचे आकडे तुमच्या मशीनने कापून खाल्ले होते, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. मी त्यातून असा बोध घेतला की इस्त्री खाली ठेवून घराबाहेर पडल्याशिवाय माणूस उडत नाही. म्हणून मी ब्रश खाली ठेवला. मामा, तेव्हापासून मी गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजला, लिफ्ट चालवली (वर जायचो, पण तितकाच खाली यायचो), कुत्री फिरवली, आणि एकदाही उडलो नाही. आता थिएटरच्या दारात तिकिटं फाडतो.

तर परवा इथे वाफमानवाचा सिनेमा लागला. आठवडाभर आधीपासून मी प्रोजेक्टरवाल्याला, समोसे तळणाऱ्याला आणि पोस्टर चिकटवणाऱ्याला त्या गोष्टीतलं तत्त्वज्ञान समजावत होतो. (पोस्टरवाल्याची खळ फार पातळ असते. सांगितलं तर रागावला.) पहिला खेळ सुरू झाला, बॉयलर फुटला, आणि गडी सरळ उडायलाच लागला! शेवट सुरुवातीला! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मधल्या वाटेत उभा राहिलो, टॉर्च स्वतःच्याच तोंडावर मारली (हे का केलं ते अजून कळलेलं नाही) आणि ओरडलो, “थांबवा! ह्यांनी गोष्ट उलटी केलीय!”

“ए टॉर्च, बाजूला हो!” मागून कुणीतरी म्हणालं.

“अहो, तिकीट बघायचं तर बघा, आम्हाला सिनेमा बघू द्या,” एक बाई म्हणाल्या.

मी हटलो नाही. लेखकाच्या बाजूने मी एकटाच उरलोय, अशी माझी खात्री होती. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या, दहाएक वर्षांच्या एका मुलीने दप्तरातून तेच पुस्तक काढलं. कोरं, करकरीत, खाली आकड्यांसकट. “काका, पान सतरा बघा.” (काका! मला चोविसावं चालू आहे.) बघितलं. सतरावर तो उडत होता. चौसष्टावर घरी आला होता, आणि ‘समाप्त’ तिथे होतं. ती माझ्याकडे दयेने बघत म्हणाली, “तुमचं पुस्तक कुणीतरी चुकीचं शिवलंय.”

मॅनेजर आले, म्हणाले, “गोष्ट सरळ करून झाली असेल तर खाली बसा. सोमवारपासून मी दुसरा माणूस बघतोय.” मग बसलोच. शेवटी वाफमानव लाँड्रीच्या दारात येऊन उभा राहतो. अंगात वाफेचा टिपूस नाही. थोरला भाऊ वर न बघता कपड्यांचा ढीग बाजूला करतो आणि इस्त्री त्याच्याकडे सरकवतो. बस्स, एवढंच. मी असा हमसून रडलो की त्या मुलीने रुमाल दिला आणि समजूत काढली, “काका, पुस्तकातपण असंच आहे.”

असो. सिनेमा ठीक आहे, फक्त वाफ खोटी वाटते. दोष तुम्हालाही देत नाही, पण एका बाइंडरने फर्मे लावताना नीट लक्ष दिलं असतं तर एका भाच्याची तीन वर्षं वाचली असती, एवढं नोंदवून ठेवतो.

तुमचा,
भाचा (फिरता)

ता. क. – तो बाइंडर मी होतो. तुम्ही रजिस्टरं पोचवायला गेला होतात आणि मी तुम्हाला चकित करायला गुपचूप पुस्तक शिवलं. तुम्ही पाठीवरून बोट फिरवून म्हणालात, “शिलाई बरी आहे.” उघडून नाही पाहिलंत. शिलाई खरंच बरी होती, मामा. इतकी वर्षं एक पान हललं नाही.

ता. ता. क. – काल मी ती उसवली. फर्मे नीट लावलेत, पण इथे दाबून ठेवायला शिकंजा नाही. माझं स्टूल अजून आहे का? मामींनी त्यावर कुंडी ठेवली असेल तर हलवू नका, मी उभ्याने खळ लावीन.

अगदी शेवटचं – गाडीचं तिकीट काढलंय, पत्र आणि मी एकाच दिवशी पोचू. ‘येऊ नकोस’ असं उत्तर लिहायला घेतलं असेल, तर पोस्टात टाकू नका. मी दारातच आहे.