चिमट्याचं माप

प्रिय ठमे,

फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, म्हणून हे कागदावर. शिवाय फोन घेतला की तुझी आई कान टवकारून बसते, आणि यातलं निम्मं तिच्याबद्दलच आहे. आत्ता ती खिडकीशी खुर्चीत डुलकी काढतेय, तेवढ्यात लिहून टाकतो.

मागच्या खेपेला बाथरूमच्या दारात तू आम्हा दोघांना जमिनीवर बसलेलं पाहिलंस. अर्धांगवायू झाल्यापासून तिला मीच उचलतो, तसं उचलताना माझा पाय सटकला होता. तिला काही लागलं नाही, ती सरळ माझ्या पोटावर येऊन बसली आणि आम्हाला हसू फुटलं. तुला मात्र रडू आलं. त्याच संध्याकाळी तू तुझ्या घराजवळच्या, आजारी माणसांना ठेवून घेणाऱ्या त्या सेंटरमध्ये फोन लावलास आणि मला मुदत दिलीस. सहा महिन्यांत बाबा आईला एकट्याने नीट उचलू लागले तर ती इथेच राहील, नाहीतर तू तिला घेऊन जाशील. मी रागाच्या भरात हो म्हटलं. रात्रीपुरती बाई ठेवूया म्हणालीस तर त्यालाही नाही म्हटलं. आपल्या बायकोला उचलायला भाड्याची माणसं कशाला, असा माझा ताठा.

फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी माझी अडचण एका वाक्यात सांगितली होती. पेशंटला छातीशी घट्ट धरून उचलायचं, आणि आमच्या दोघांच्या मध्ये माझी ढेरी येत होती. मग मी जिम लावली. तिथल्या ट्रेनर बाई तुझ्याच वयाच्या, काका काका करत माझ्याकडून घाम काढतात. चरबी उतरवायची आणि मांड्या भरायच्या, असा त्यांचा हिशेब. प्रोटीनची पावडर रोज पाण्यात घुसळून प्यायची. स्नायूंच्या ताकदीसाठीचं क्रिएटिन मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारून, किडनीची तपासणी करून मगच. प्रोटीनचा डबा बघून तुझी आई म्हणाली की आपल्या घरात आता बाळ आलंय, फक्त त्याला टक्कल आहे.

एक आगाऊपणा केला, तोही सांगून टाकतो. शेजारच्या बाकावर व्यायाम करणाऱ्या एका महाशयांनी चरबी जाळणाऱ्या गोळ्या दिल्या आणि मी ट्रेनर बाईंना न विचारता एक घेतली. दुपारभर छाती अशी धडधडत होती की वर्तमानपत्रही हातात थरथरत होतं. तुझ्या आईने एकाच प्रश्नात सगळं काढून घेतलं आणि बाटली तिच्या डोळ्यांदेखत संडासात रिकामी करायला लावली. घाबरली होती बिचारी. आपल्याला सांभाळणाराच आडवा झाला तर, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं मी वाचलं.

आता मुद्द्यावर येतो. दर रविवारी मी तुला फोनवर जो आकडा पाठवायचो, तो चरबी मोजायच्या चिमट्याचा. साधा प्लास्टिकचा असतो. पोटाची वळी मी दोन बोटांत धरायची आणि दुसऱ्याने अंगठ्याने चिमटा दाबून आकडा वाचायचा. ते काम तुझ्या आईने मागून घेतलं, तेही त्या लुळ्या पडलेल्या उजव्या हाताने. त्याच हाताच्या व्यायामासाठी आणलेला स्पंजचा चेंडू तिने दोनदा डाव्या हाताने खिडकीतून भिरकावला होता, पण माझ्या पोटाला चिमटा काढायचा म्हटल्यावर रविवारची वाट बघायला लागली. पहिल्यांदा चिमटा तिच्या हातून सारखा निसटायचा. मग टिकायला लागला. मग मधल्या वारीही मागायला लागली, सराव म्हणून. एवढ्या वर्षांचं सगळं उट्टं काढते आहेस, असं मी ओरडायचो आणि ती अजूनच दाबायची.

आकडा उतरत गेला. अडतीस मिलिमीटरवरून सव्वीसवर आला तेव्हा तू टाळ्यांचं चित्र पाठवलंस, आठवतं? मी आरशासमोर पोट आत ओढून उभा राहायचो. गेल्या आठवड्यात ट्रेनर बाईंना फुशारकी मारून दाखवायला गेलो. त्यांनी स्वतःच्या चिमट्याने मोजलं, मग मशीनवर उभं केलं, आणि जरा ओशाळून म्हणाल्या, काका, पोट जवळजवळ होतं तिथेच आहे.

ठमे, उभा जन्म मी कारखान्यात मापं तपासण्यात काढला. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो की आकड्यात फरक दिसला तर आधी मोजणाऱ्याचा हात बघा, जास्त दाबलं की माप कमी येतं. आणि इथे घरात तेच चाललेलं मला दिसलं नाही. माझी चरबी उतरत नव्हती. तुझ्या आईच्या अंगठ्यात जोर येत होता. हे डोक्यात शिरलं तेव्हा मी जिममधल्या बाकावर बसून चक्क रडलो. ट्रेनर बाईंना वाटलं, पोट कमी झालं नाही म्हणून रडतोय. त्या पाणी घेऊन आल्या.

घरी येऊन तिला काही सांगितलं नाही. फक्त तिला खुर्चीतून उठवताना थांबलो आणि बघितलं. ती उजव्या हाताने खुर्चीचा हात दाबून स्वतःला अर्धं उचलत होती. कधीपासून करत होती कोण जाणे, मी सगळं श्रेय माझ्या मांड्यांना देत होतो.

तू रविवारी येते आहेस, आणि त्याआधी तुला खरं कळावं म्हणून हे पत्र. पैज मी हरलो. पलंगावरून खुर्चीत तिला एकटा नेतो, पण बाथरूममध्ये अजूनही माझी छाती दडपते, आणि पुन्हा पडलो तर दर वेळी ढेरी मदतीला येईलच असं नाही. तरी तिला नेऊ नकोस. तिथले लोक तिला व्यवस्थित उचलतील, पण ती चिमटे कुणाला काढणार? तू म्हणाली होतीस ती मदतीची बाई बघ, रात्रीचीच काय, दिवसाचीही बघ. माझा ताठा मी आवरतो. ती गेली तर मला हे घर खायला उठेल, हेही एकदा लिहून टाकतो, कारण तोंडाने मला ते जमणार नाही. एवढं वाचूनही तुझं मन वळत नसेल, तर आल्या आल्या बॅग खाली ठेव आणि तुझा हात आईच्या उजव्या हातात दे. मग तो सोडवून घेऊन दाखव.

तुझाच,
ढेरीसकट शाबूत असलेला
बाबा