कंप्रेसर, पिंप आणि चंदूची सोनोग्राफी

मी, सहदेव येसाजी हाटे, वय ६७, धंदा टायर-पंक्चर, राहणार पोलादपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुधवारी मुंबईत माझे पोट उघडणार आहेत. परत येईन याची खात्री डॉक्टर देत नाहीत, म्हणून आजच.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी सुंदराबाईची. तिच्या हयातीत कोणी घर विकायला लावू नये. तिच्यानंतर सर्व मुलगी उज्वलाचे.

२. आजार सांगतो, नाहीतर पुढचे कलम कळणार नाही. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली होती. सहा वर्षांपूर्वी मांडीतून तार घालून तिच्यात कापडी नळी बसवली, टायरमध्ये ट्यूब घालतात तशी. दरवर्षी स्कॅन करा, असे बजावले होते. दोन वर्षे केला. मग म्हणालो, "दुखत नाय, कशाला जायचं?" सुंदराबाई म्हणाली, "अवो, गिऱ्हाइकाची ट्यूब पाण्यात बुडवून बघता, तुमची कोण बघणार?" मी हसलो. आता नळी जागेवरून सरकली आहे, बाजूने रक्त शिरते आहे, फुगा आठ सेंटिमीटरचा झाला आहे. कधीही फुटेल.

३. कंप्रेसर, जॅक व पाण्याचे पिंप धाकटा भाऊ चंदू याला. अकरा वर्षे आम्ही बोलत नव्हतो. त्याने समोर दुकान टाकले आणि सहदेवचे पॅच टिकत नाहीत, असे ड्रायव्हरांना सांगितले. ते खोटे होते. अट एकच: त्याने पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. आमचे वडील बांधावर पोट धरून बसले ते उठलेच नाहीत. हा आजार घराण्यात असू शकतो, असे डॉक्टर म्हणाले.

४. वकील म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते. म्हणजे मी जगलो तर चंदू तसाच राहणार. म्हणून काल मीच रस्ता ओलांडला आणि कलम ३ त्याला वाचून दाखवले.

"तुझा कंप्रेसर मला नको," तो म्हणाला. "आण, साक्षीला सही करतो."

"ज्याला मिळतंय त्याची सही नको म्हणतात वकील."

"मग नाव काढ माझं."

"नाव काढलं की अट पण जाते. काढणार नाय. सोमवारी सातला मुंबईची गाडी हाय. महाडला सोनोग्राफीला उतर. तू बसला नाहीस तर मी पण जाणार नाय."

"धमकी देतोस रे? पोट तुझं फुटणार."

"तुझं कोणी बघितलंय?"

तो चाक खोलत राहिला.

सही: सहदेव येसाजी हाटे
दोघांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर सह्या केल्या:
१) उबेद झकेरिया, ट्रकमालक, महाड
२) सोनाबाई साळवी, निवृत्त शिक्षिका, पोलादपूर
पोलादपूर, १६ नोव्हेंबर २०२५

सहीनंतरची नोंद, १७ नोव्हेंबर, सकाळी ६.५०: समोरचे शटर बंद आहे. चंदू माझ्या पायरीवर बसला आहे. सुंदराबाईने चहा दिला, त्याने घेतला नाही. सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचे असते, हे त्याने कोणाला तरी विचारले असणार.