शनिवारची माळ

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

भाईंदर (पूर्व)
रविवार, कार्तिक वद्य द्वादशी
१६ नोव्हेंबर २०२५

चि. क्षितिजास आईचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघं आहोत तसे आहोत. फोनवर बोलता येत नाही, कारण हे दिवसभर माझ्या मागे मागे असतात, स्वयंपाकघरातसुद्धा. आत्ता जरा झोपलेत. तुझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत कोरी पानं उरली होती, वाया कशाला घालवा म्हणून त्यावरच लिहितेय.

इकडे पाण्याची बोंब आहेच. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या दिव्याने परवा डबाभर उंधियो दिला आणि लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "आंटी, क्षितिजा अभी भी बंदर के दिमाग का नक्शा बनाती है?" मी म्हटलं, "हां, कंप्यूटर पे." कंप्यूटर म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

तुझा मेसेज मिळाला. महिनाअखेर राजीनामा देते, मग घरी येऊ ना, असं लिहिलंस. उत्तर नाही म्हणून रुसली असशील. उत्तर लिहायला बसायचे आणि भाजी निवडायला उठायचे, असं चाललंय.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत मीच म्हटलं होतं, ज्या घरातून शनिवारी मारुतीला तेल जातं तिथे माकडांवर काम करणाऱ्या हाताने दिवा लागायचा नाही, आधी काम सोड आणि मग ये. तू किती समजावलंस. प्रत्येक माकडाचा मेंदू वेगळा, कुणाचा लांबट, कुणाचा आखूड. त्यांना झोपेचं औषध देऊन मशीनमध्ये फोटो काढायचे, पुष्कळांचे फोटो एकमेकांवर बसवायचे आणि त्यातून एक सर्वसाधारण मेंदू तयार करायचा. मग कुणीही नव्या माकडाचा फोटो त्याला लावून बघावा, कुठला भाग कुठे ते कळतं. मी म्हटलं, म्हणजे ब्लाऊजचं पेपर कटिंग. तू हसलीस. म्हणालीस, हो, आणि कटिंग चांगलं असलं की कापड कमी वाया जातं. पुढे त्यांच्यावर प्रयोग होतात का विचारलं, तर काहींवर होतात म्हणालीस. खोटं बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

ते मला आजही पटलेलं नाही, हे आधी सांगून ठेवते.

आता बाबांचं. गुडघे दुखतात म्हणून फोनवर येत नाहीत, असं सांगत आले. गुडघे बरे आहेत. श्रावणात हे काशीगावातून घरी यायला निघाले आणि पोचले पार भलतीकडे, चेण्याला. एका रिक्षावाल्याने आणून सोडलं. मग डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय काढायला लावला आणि स्क्रीनवर दाखवलं, या वयाच्या माणसांचा साधारण असा असतो, यांचा इथे आटलाय. पुढे कसं सांगावं म्हणून ते शब्द शोधत होते. मी म्हटलं, कळलं. तू आधीच समजावून ठेवलं होतंस ना. तेव्हा वाटलं, कशाला इतकं नीट समजावलंस.

गोळ्या चालू आहेत. बरं होणार नाही, फक्त हळू होईल, म्हणाले. तुला कळवायचं नाही, हे यांनीच बजावलं. म्हणाले, ती धावत येईल आणि तुझ्या अटीवरून पुन्हा दोघींचं वाजेल. तेव्हा अट यांच्या ध्यानात होती.

काल शनिवार आणि एकादशी एकाच दिवशी आली. रुईच्या पानांची माळ मी करते आणि हे मारुतीला घालून येतात, तुला माहीतच आहे. मंदिर सोसायटीच्या फाटकाशीच, खिडकीतून दिसतं, म्हणून अजून एकटे पाठवते. माळ आणि तेलाची वाटी हातात दिली आणि मी भगर धुवायला आत गेले. बाहेर आले तर वाटी टीपॉयवर तशीच. माळ तुझ्या पदवीच्या फोटोला घातलेली. हे समोर हात जोडून उभे.

मी आधी माळ काढली. म्हटलं, "अहो, काय केलंत हे? पोरगी धडधाकट आहे बंगलोरला."

"मग येत का नाही?"

मी फोटो पदराने पुसायला लागले. मग तेच हळूच म्हणाले, "मला वाटलं, तू मला सांगत नाहीयेस."

तू का येत नाहीस ते हे विसरले, क्षितिजा. येत नाहीस तेवढं राहिलं.

ती माळ देवाला कशी घालायची? तुळशीच्या कुंडीत ठेवली. काल पहिल्यांदा मारुती आपल्या घरच्या माळेवाचून राहिला.

तर नोकरी सोडू नकोस. माझं मत बदललं म्हणून नव्हे. तुझ्या कामाचा दोष लागू नये म्हणून शनिवारचा उपास धरलाय तो धरीनच, ते माझं आणि देवाचं आहे. पण महिनाअखेरीपर्यंत थांबायला आता सवड नाही, इथे रोज काहीतरी जातंय. आणि काम अर्धं टाकून आलीस तर इतकी माकडं झोपवली ती कशासाठी? वाया घालवलेलं मला चालत नाही.

रजा घे आणि ये. संध्याकाळचा दिवा तूच लाव.

दार उघडायला बाबांनाच पाठवीन. बेल वाजवून एकदम आत शिरू नकोस. उंबऱ्याबाहेर उभी राहा आणि आधी आपलं नाव सांग.

वाटेकडे डोळे लावून,
तुझी आई