शब्द दिलेल्या सेनापतीला हिराबाईआत्याने ओवाळलं

चि. चिदंबर यास शांभवीअक्काचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? तेल लावतोस असं तू सांगतोस, पण बाटली भरलेलीच आहे असं तुझी बायको सांगते, आणि वासुकी खोटं बोलत नाही. (पत्र देवनागरीत आहे. ही अक्षरं तुला मीच शिकवली, तेव्हा वाचता आलं नाही ही सबब चालणार नाही.) नंदिताला चेन्नईला गाणं शिकायचं असताना तू तिला न विचारता तिच्या लग्नाचा शब्द देऊन आलास, हा विषय मी इथे काढणार नाही. लेकीचं नाटक बघायला तू पापनाशमहून आला नाहीस, म्हणून फक्त त्याची हकीकत कळवते.

मूळ गायनरचना तीनशे वर्षांपूर्वीची, पाश्चात्त्य, बायबलमधल्या कथेवरची. एरवी गाणारे हातात कागद धरून खांबासारखे उभे राहतात. आमच्या मंडळाने ठरवलं की करून दाखवायचं. एक सेनापती देवाला शब्द देतो, की लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते तुला अर्पण करीन. जिंकून येतो, तर समोर त्याची एकुलती एक मुलगी. सेनापती आपला सुब्रह्मण्य (आवाज दणदणीत, चाल मात्र बँकेत कर्ज नाकारताना असते तीच), मुलगी नंदिता.

नंदिताने नाचत दाराबाहेर यायचं होतं. पण मागे उभ्या राहणाऱ्या बायकांत हिराबाईआत्या होती. लढाईवरून माणूस घरी आला आणि ही पोर मोकळ्या हाताने पुढे निघाली! आत्याने तिला वेणी धरून मागे ओढलं, आणि हळद-चुन्याच्या लाल पाण्याचं ताट घेऊन स्वतःच ओवाळायला बाहेर पडली. (ताट घरून आणलं होतं. तालमीत तिला कुणी काही विचारलं नव्हतं.) वाद्यं थांबेनात, म्हणून सुब्रह्मण्य आत्याकडे बघत शोक गाऊ लागला.

"रडतोस कशाला रे? जिंकलास ना?"

"आत्या, जे पहिलं येईल ते देवाला द्यायचा शब्द दिलाय."

"अय्यो! शब्द तू दिलास आणि मरायचं मी? मला विचारलंस कधी?"

सभागृह हसून लोळलं. हसू ओसरल्यावर नंदिता आत्याला बाजूला सारून पुढे आली आणि आपला भाग गायली: बाबा, शब्द मोडू नका, मी तयार आहे. मग कुणी हसलं नाही. कॉलेजात कथेतली ही मुलगी थोर म्हणून आम्हाला शिकवली होती. त्या संध्याकाळी मला ती फक्त वीस वर्षांची दिसली.

शेवटी देवदूत येऊन तिला सोडवतो. आमचा देवदूत प्रणवेश पंख दारात अडकून बराच वेळ आतच राहिला. तेवढ्यात माझ्या मनात आलं, की बापाने नुसतं 'चुकलो' म्हटलं असतं तर पंख शिवावेच लागले नसते.

बाकी क्षेम. तेल लाव.

शांभवीअक्का

ता. क. विषय काढणार नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. सगळं पत्र त्याच विषयाचं आहे. मुलाच्या घरी फोन करून शब्द मागे घे.

पुन्हा ता. क. राहू दे. तुझ्याने तो फोन होणार नाही, म्हणून आज सकाळी मीच त्यांच्याकडे जाऊन सांगून आले. (जाण्याआधी नंदिताला विचारलं. विचारायला फार वेळ लागत नाही.) मुलाच्या आईने ऐकून घेतलं आणि कॉफी दिली. आता तुला रागवायचंच तर माझ्यावर रागव. माझ्याशी वर्षभर बोलला नाहीस तरी चालेल. नंदिता शनिवारी घरी येते आहे. तिच्याशी बोल.