घाटात मागं फिरलास तेव्हा

नांदेड, ३ सप्टेंबर १९८२

प्रिय केरबा,

तुझ्या खाटेपासून वीस पावलांवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. समोर येऊन बोलायची हिंमत असती तर कागद कशाला खराब केला असता? मघाशी डॉक्टर पुन्हा बजावून गेले. डावा पाय गुडघ्याखाली काढला नाही तर विष अंगभर पसरेल, दोन दिवसही हातात नाहीत. आणि तू सही करत नाहीस. नागूमावशी दिसेल त्याचे पाय धरतेय, काल तिनं झाडूवाल्याचेही धरले. पोटच्या पोराला कसं समजवावं हे तिला कळेना झालंय.

उदगीरला शेषेरावानं तुझ्या सायकलचं चाक सरळ करून आणलंय. रोज घंटी वाजवून बघतो, वेडा. लातूरला म्हणे नव्या जिल्ह्याच्या कचेरीवर पाटी लागली. तोच सोहळा बघायला आपण तिघं निघालो होतो. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून सायकली काढल्या. आभाळ बघून मी कां-कूं करायला लागलो, तर तू म्हणालास, "वाण्या, साखरेचा हाईस का विरघळायला?" झालं, मला झोंबलं आणि मी सगळ्यांच्या पुढं निघालो.

घाटात वारा असा समोरून, की पायडल मारावं आणि सायकल जागच्या जागी. पाऊस आडवा, डोळे उघडता येईनात. या रस्त्याची खडी बहात्तरच्या दुष्काळात नागूमावशीनं फोडली होती. तेवढ्या पावसातही तू ओरडलास, "हा रस्ता माझ्या मायचा हाय, जकात टाका!" माझं हसू तोंडातच होतं आणि माथ्यावर थांबून मी छातीवर हात नेला. गळ्यात लिंग नव्हतं. दोराही नाही, चांदीची डबीही नाही.

लिंग हरवलं तर ते मिळेपर्यंत आम्हा लिंगायतांत पाण्याचा घोटही चालत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक. मी दगडावर बसून पोरासारखा रडलो. शेषेराव म्हणत होता, पाऊस ओसरू दे. तू सायकल फिरवलीससुद्धा. "उपाशी मरशील येड्या. आणून देतो, शब्द हाय." मी थांब म्हणालो नाही. उतार, ओले ब्रेक. तिसऱ्या वळणावर तू कठड्यावर आदळलास तो आवाज वरपर्यंत ऐकू आला.

आमच्या ओट्यावर कोनाड्यात तुझी कपबशी वेगळी असायची. आईनं ठेवलेली, पण मीही ती कधी हलवली नाही. तू स्वतः काढायचास, विसळून परत ठेवायचास, वर हसायचास. त्या कपातून चहा प्यायलेला माणूस माझं लिंग शोधायला गेला. मला हे सोसत नाही, केरबा. मला माझीच शिसारी येते.

काल तापात तू नागूमावशीला म्हणालास, "पाय दिला तर घाट चढू कसा? आपल्या शिवमूर्तीचं लिंग हुडकायचं राह्यलंय." मावशी माझ्याकडं आली आणि म्हणाली, तुझंच ऐकंल त्यो. म्हणून हे लिहितोय. ऐक. लिंग घाटात पडलंच नव्हतं. त्या दिवशी घाईघाईत पूजा उरकली आणि ते देव्हाऱ्यातच राहिलं. तुला लातूरच्या दवाखान्यात सोडून दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो, तेव्हा आईनं ते माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, कुणाला बोलू नको. मी आंघोळ केली, ते गळ्यात घातलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. तेव्हापासून, आधी लातूरला आणि तुला इथं हलवल्यावर नांदेडलाही, सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून तुझ्यापुढं बसतोय. जंगमस्वामींनी दुधापुरती सूट दिली, बाकी उपास आहे, असं तुला मीच सांगितलं. धडधडीत खोटं. तू विव्हळतानाही विचारायचास, दूध तरी घेतलंस का, आणि मी मान हलवायचो. त्या घाटात शोधायला काही नाही रे. तुझा शब्द कधीच फिटलाय. सिस्टर हा कागद तुला वाचून दाखवतील आणि दुसरा कागद पुढं करतील. त्यावर सही कर. मग मला शिव्या दे, माझ्या तोंडावर थुंक, जन्मभर माझं तोंड बघू नकोस. पण त्यासाठी जग.

तुझाच म्हणवून घ्यायची लायकी नसलेला, तरीही तुझाच,
शिवमूर्ती