बादलीतले पाहुणे

४ जून, सकाळ.
साबणाच्या पुड्यांचा मोठा डबा आणला. सेलमध्ये, अर्ध्या किमतीत. पुडी आवरणासकट पाण्यात टाकायची, आवरण विरघळून जातं. कचरा शून्य. देवाच्या कृपेने मला खरेदीतलं कळतं.

संध्याकाळ.
सूनबाई सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात नोकरीला. म्हणे, आई, आवरण प्लास्टिकचंच आहे. विरघळलं म्हणजे संपलं नव्हे. पाण्यातल्या जंतूंनी खाल्लं तरच संपेल, आणि ते खाणारे जंतू सगळीकडे नसतात. मी म्हटलं, ज्याने चारा दिला तो चोचही देईल. पैज लागली. महिनाभरात खाल्लं नाही तर घरची खरेदी तिच्याकडे. हे हसले. हसू देत.

५ जून.
बादलीत पाणी, त्यात पुड्यांची नुसती आवरणं. साबण बरणीत काढून ठेवला. बादलीत वरून नाल्यातला चिखल. म्हणजे खाणारे आले.

९ जून.
पाणी ढिम्म. त्यांच्यापुढे नुसतं प्लास्टिक वाढून आपण पोटभर जेवायचं, मनाला पटेना. चमचाभर साखर घातली. तोंडाला चव यावी म्हणून, बाकी काही नाही.

१२ जून.
बुडबुडे! जेवताहेत! सूनबाईने विचारलं, आई, वरून काही घातलंत का? म्हटलं, माया. खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे.

१७ जून.
भूक वाढली, शुभ लक्षण. साखर दुप्पट केली. हिशेब बिघडू नये म्हणून माझा चहा बिनसाखरेचा. बादलीला वास येतो. हे म्हणाले, आता हे पाहुणे तरी जातील, नाहीतर मी. म्हटलं, पाहुण्यांना चार तारखेपर्यंत शब्द दिलाय.

४ जुलै.
निकाल. सूनबाईने पाणी फडक्यातून गाळून ताटलीत उन्हात आटवलं. तळाशी मळकट, चिवट पापुद्रा. नखाने अख्खा निघाला. हे म्हणाले, वा, पुन्हा पुडी बांधता येईल. साखरेची चुगलीही यांनीच केली. सूनबाई म्हणाली, अहो आई, पुढ्यात गोडधोड असताना प्लास्टिकला कोण तोंड लावेल?
असो. माझ्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही.

६ जुलै.
खरेदी सूनबाईकडे सोपवायचं माझ्या मनात होतंच. आज तिच्यासोबत बाजारात गेले. मार्गदर्शनाला. दुकानाच्या पायरीशी तिने रिकामी पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाली, आई, तुम्ही इथेच थांबा हं, मी आलेच.
थांबले.